पहिल्या वादळापर्यंत

"टाकी बांधून झाली काय गं?" मुश्ताकनं मागून विचारलं.

"झाली. आता गप बस. बोललास तर पंच बाहेर काढतील तुला."

तो गप्प बसला, पण माझ्या खुर्चीची पाठ त्यानं दोन्ही हातांनी अशी धरली होती, की तो हलला की मीही हलत होते. पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजचा तो भलामोठा हॉल. ओळीनं कॉम्प्युटर मांडलेले, वर पंखे गरगरत होते आणि मधूनच स्पीकरवरून कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. माझ्या समोरच्या बाजूला, कॉम्प्युटरच्या आड, तन्मय नावाचा चष्मेवाला मुलगा बसला होता. खेळ सुरू होण्याआधी त्यानं उभं राहून मला "ऑल द बेस्ट" म्हटलं होतं. मी मनात म्हटलं होतं, तुलाच त्याची गरज पडणार आहे बाळा.

खेळाचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. ते आमच्या कुणाच्या तोंडात कधी बसलंच नाही. जग संपलंय, सगळीकडे राख पडलीय, नद्या आटल्यात आणि उरलीसुरली माणसं मोडक्या गाड्यांचं भंगार गोळा करून त्यातून वस्ती उभारतायत, असा तो प्रकार. प्रत्येकाच्या वस्तीत पाण्याची एक टाकी. ती शाबूत तोवर तुम्ही जिवंत, ती फुटली की खेळ खलास. यात बुद्धिबळासारखं आळीपाळीनं खेळायचं नसतं. दोघांचं एकदमच चालू असतं, हात थांबला की तुम्ही मागे पडलात. सगळा पडदा दात घासायच्या पुडीच्या रंगाचा, म्हणून कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या पोवारांच्या सायबर कॅफेत, त्याचं नाव पडलं राखुंडी.

राखुंडीत अधूनमधून राखेचं वादळ यायचं. पडदा काळा व्हायचा, काही दिसेनासं व्हायचं आणि मग हळूहळू उजाडायचं. गल्लीतल्या क्रिकेटला जसे नियम असतात, की परटाच्या घरावर मारला की आउट, तसा राखुंडीचा नियम होता: पहिलं वादळ होऊन जाईपर्यंत कुणी कुणावर हल्ला करायचा नाही. तोवर आपापली वस्ती बांधा, टाकी भरा, भिंती घाला. उजाडलं की मग एकमेकांचे मुडदे पाडा.

आणि मुडदे पाडण्यात माझा हात धरणारा कॅफेत कुणी नव्हता. हात म्हणजे डावा. उजवा माझा जन्मापासूनच अधू आहे. बाळंतपणात मानेजवळची कसलीशी शीर ताणली गेली, असं डॉक्टर म्हणाले होते. खांद्यापासून तो सोबतीला आल्यासारखा लोंबत असतो. मी माउस डावीकडे घ्यायचे आणि उजवा हात डाव्यानं उचलून कीबोर्डवर ठेवून द्यायचे. त्याला स्पेसबार तेवढा दाबता यायचा. बाकी सगळं डाव्या हाताच्या एका माउसवर.

लहानपणी लगोरीत, लपंडावात मी कायम कच्चा लिंबू. म्हणजे आउट झाले तरी आउट नाही, राज्य आलं तरी घ्यायचं नाही, नुसतं बाजूनं पळायचं. शाळेत पेपराला जादा वेळ. लग्नकार्यात "तू बस गं, तू कशाला उठतीस?" कुणी वाईट म्हणून करत नव्हतं हे, म्हणून तर तोंड उघडायची सोय नव्हती. राखुंडीत मात्र कुणी मला "बस गं" म्हणालं नव्हतं. तिथं मी माझ्या हिमतीवर कॅफेतल्या दोस्तांना हरवलं होतं, इंद्याला हरवलं होतं, मुश्ताकला हरवलं होतं, पोवारांच्या थोरल्याला तर रडवलं होतं. म्हणूनच पुण्याच्या स्पर्धेचा कागद कॅफेच्या दारावर लागला, तेव्हा पहिलं नाव मी दिलं. बक्षिसाचं मला काहीच नव्हतं. मला एकदा अनोळखी माणसाकडून ऐकायचं होतं, की ही पोरगी खेळते.

तर मी भिंत घालायला घेतली होती. वादळाला अजून अवकाश होता. भंगारवाले निवांत ये-जा करत होते. एवढ्यात पडद्याच्या कडेला धुरळा दिसला आणि त्यातून तन्मयच्या फटफट्या बाहेर पडल्या.

फटफट्या म्हणजे खेळातलं सगळ्यात हलकं आणि वेगवान सैन्य. मला आधी वाटलं, टेहळणीला आल्या असतील. त्यांनी भंगारवाले चिरडले. मग टाकीला वेढा घातला. माझ्याकडे लढायला एक माणूस नव्हता. टाकी फुटली, पाणी राखेत जिरलं आणि पडद्यावर हरल्याचं चित्र आलं. मी तशीच बसून राहिले.

मग ताडकन उठले आणि हात वर केला. "पंच! ओ पंच!"

पंच म्हणजे कॉलेजातलाच एक दाढीवाला मुलगा. तो आला. "काय झालं मॅडम? मशीन हँग झालं?"

"मशीन नाही झालं. ह्यानं वादळाच्या आधी हल्ला केला."

"कुठल्या वादळाच्या?"

"पहिल्या. वादळ व्हायच्या आधी हल्ला करायचा नसतो. नियम आहे."

दाढीवाल्यानं तन्मयकडे पाहिलं. तन्मयनं चष्मा वर सरकवला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच अपराधी भाव होता, त्यामुळे मला आणखी राग आला.

"मॅडम, असा नियम नाही," पंच म्हणाला. "कुठेच नाही. उलट पहिल्या हल्ल्यावरच तर खेळ असतो ना."

"तुम्हाला माहीत नसेल!" माझा आवाज चढला. शेजारच्या ओळीतली मुलं वळून बघायला लागली. "आम्ही रोज खेळतो. मुश्ताक, सांग की ह्यांना!"

मुश्ताक खुर्चीची पाठ सोडून लांब सरकला होता. तो आपल्या चपलांकडे बघत होता.

तेव्हा तन्मय हळूच म्हणाला, "म्हणजे ते खरंच होतं? सॉरी हं, मला वाटलं चेष्टा आहे. सकाळी तुमचे ते उंच मित्र आले होते. म्हणाले, वादळ होईपर्यंत थांब, ती मुलगी फार चांगली खेळते, फक्त सुरुवातीला तिला वेळ दे. मी म्हटलं, स्पर्धेत असं कसं चालेल?"

उंच मित्र म्हणजे इंद्या. इंद्रजित सरनोबत. सकाळपासून तो हॉलभर येरझाऱ्या घालत होता, या पंचाच्या कानाला लाग, त्या पोराच्या खांद्यावर हात टाक. मला वाटलं होतं, ओळखी वाढवतोय. पुढारी व्हायचे डोहाळे त्याला लहानपणापासूनच.

सगळं समजायला मला फार वेळ लागला नाही. मी तन्मयला "तुझी चूक नाही" म्हटलं आणि बाहेर निघाले.

हॉलच्या मागे पायऱ्या होत्या, वर गुलमोहराची सावली. मुश्ताक कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे घेऊन माझ्या मागोमाग आला. थोड्या वेळानं इंद्याही आला आणि तीन पायऱ्या सोडून खाली बसला. तोही पहिल्या फेरीत हरला होता. मुश्ताक तेवढा जिंकला होता, पण ते सांगायची त्याची छाती होत नव्हती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कसलं कधीपासून?" इंद्या म्हणाला.

"इंद्या, मारीन हां."

मुश्ताकच बोलला. "तू पहिल्यांदा कॅफेत आलीस बघ, त्याच आठवड्यात. ह्यानंच काढला नियम. सगळ्यांना दम दिला, म्हणाला, वृंदी बसली की वादळापर्यंत कुणी हलायचं न्हाई. पोवारकाकांनासुद्धा सांगून ठेवलं."

"आणि मी नसले की?"

"आता त्येला काय अर्थ हाय…"

"मी घरी गेल्यावर कसं खेळायचा तुम्ही?"

मुश्ताकनं एक शेंगदाणा सोलला, तो खाल्ला नाही. "तू गेल्यावर खरी राखुंडी सुरू व्हायची," तो म्हणाला.

आता या गोष्टीला वीसएक वर्षं झाली, माणसं मला याहून वाईट बोलली आहेत, पण इतकं लागलेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही. म्हणजे अख्ख्या कॅफेनं मिळून मला कच्चा लिंबू केलं होतं, आणि लगोरीत निदान तोंडावर तरी सांगायचे.

"तू आनंदात होतीस," इंद्या खालूनच म्हणाला, मान न वळवता. "आल्या आल्या दोनदा हरलीस, उठून चालली होतीस. तुझं तोंड बघवंना मला. म्हटलं, जरा वेळ मिळाला तर खेळंल ही. आणि खेळलीस की! आमची हाडं खिळखिळी केलीस."

"ते खरं हाय हां," मुश्ताक घाईनं म्हणाला. "वादळानंतर तू जे मारायचीस, त्यात काय खोटं नव्हतं. आईशप्पत. आम्ही जीव तोडून खेळायचो आणि तू आम्हाला लोळवायचीस."

"मग पुण्याला कशाला येऊ दिलंत?"

"येऊ दिलं?" इंद्या आता वळला. "तुला कोण अडवणार? मी म्हटलं परीक्षा हाय, म्हटलं एसटीचा संप होणार हाय. तू म्हणालीस, इंद्या जळतोस तू माझ्यावर!"

म्हणाले होते खरी. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. मी गुलमोहराकडे बघत बसले.

स्पीकरवरून पुकारा झाला. पहिल्या फेरीत हरलेल्यांना आणखी एक संधी होती. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या होत्या. नावं वाचली जात होती आणि आमचं लक्ष नव्हतं, इतक्यात ऐकू आलं, "वृंदा चौगुले, कोल्हापूर, विरुद्ध इंद्रजित सरनोबत, कोल्हापूर. जेवणानंतर."

इंद्या उभाच राहिला. "मी नाव काढून घेतो माझं."

"खाली बस," मी म्हटलं.

"वृंदे, ऐक तरी. मला न्हाईतरी खेळायचं न्हाई आता. तू पुढं जा."

"खाली बस म्हणतोय न्हवं मी!"

आमच्याकडे पोरीसुद्धा "मी म्हणतो, मी जातो" असंच बोलतात. पुण्यातल्या दोन मुली पायऱ्या उतरता उतरता थबकल्या आणि हसल्या. इंद्या खाली बसला.

"मुश्ताक," मी म्हटलं, "खरी राखुंडी कशी असते ते दाखव."

मुश्ताकनं आधी इंद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पुडीतले शेंगदाणे पायरीवर ओतले आणि मांडायला लागला. ही तुझी टाकी, हे भंगारवाले, ही वाट. पहिलं भंगार आलं की त्याची भिंत घालायची नाही, थेट फटफट्या करायच्या. एकीकडे त्या पळवायच्या, दुसरीकडे वस्तीही चालू ठेवायची. "दोन्ही एकदम," तो म्हणाला आणि थांबला.

"बोल की. एका हातानं ते व्हायचं न्हाई. मला कळतंय."

"मग तू फटफट्याच्या नादाला लागू नकोस. ही अरुंद वाट हाय बघ, हितनंच येणार त्यो. भंगारवालेच उभे कर वाटेत आडवे. ते मरतील, पण जागा सोडणार न्हाईत. तेवढ्यात माणसं तयार करायची. ती एकाच क्लिकवर निघतात."

"आणि मागनं आला तर?"

"मागनं म्हणजे कालव्यातनं. कोरडा कालवा हाय ह्यो. तिकडनं आला तर मग देवाचं नाव घ्यायचं."

इंद्या सगळं ऐकत होता. मला ते चालणार होतं. मी त्याच्या पायरीवर उतरून त्याच्या शेजारी बसले.

"हे बघ इंद्या. तू माझ्यासाठी केलंस, ते वाईट मनानं केलं न्हाईस. ते मला म्हाईत हाय. पण आज तू थांबलास, एक क्षण जरी हात आखडता घेतलास, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई. आणि मी काय नुसतं म्हणत न्हाई."

"आणि खेळलो, आणि तू हरलीस, मग?"

"मग हरलो. लोक हरतात."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

जेवणानंतर आम्ही समोरासमोर बसलो. दाढीवाला पंच मला ओळखून जरा बिचकूनच उभा होता. खेळ सुरू झाला. मी पहिल्यांदाच भिंतीकडे बघितलं नाही. भंगार आणलं, माणसं करायला लावली, भंगारवाले वाटेत आडवे उभे केले. डाव्या हाताला घाम आला होता आणि माउस निसटत होता. आणि मग धुरळा उठला.

इंद्याच्या फटफट्या आल्या. वाटेच्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या.

तिथं ओळीनं उभ्या. इंजिनांचा आवाज येत होता, पण एकही पुढे सरकत नव्हती. कॉम्प्युटरच्या आडून मला इंद्याचे फक्त केस दिसत होते, ते हलत नव्हते.

"इंद्या!" मी ओरडले. सगळा हॉल गप्प झाला. "थांबू नकोस! ये!"

"मॅडम, प्लीज, ओरडायचं नाही," पंच म्हणाला.

"ये म्हणतो मी!"

आणि तो आला. बाप रे, कसला आला! पहिल्या धडकेत माझे निम्मे भंगारवाले गेले. उरलेल्यांनी जागा सोडली नाही, मुश्ताक म्हणाला होता तसंच. माझी माणसं बाहेर पडली, त्यांनी फटफट्या मागे रेटल्या. मला वाटलं, जमलं. त्यानं दुसरी लाट आणली, तीही मी अडवली. मागे मुश्ताक आपली मूठ चावत होता. माझ्या अंगावर काटा आला होता. भीतीचा असेल थोडा, पण जास्त आनंदाचाच. समोरून येणारा माणूस मला खरोखर मारायला येत होता, आणि हे मी पहिल्यांदा बघत होते. दोन वर्षं ज्या इंद्याशी खेळले, तो इतका चांगला खेळतो हे मला माहीतच नव्हतं. वेगवान, बेरकी आणि जराही दयामाया नसलेला.

तिसऱ्या वेळी वाटेवर त्याच्या मोजक्याच फटफट्या आल्या. मी सगळी माणसं तिथं लोटली. तेवढ्यात मागे टाकीचा पत्रा वाजला. बाकीचं सैन्य त्यानं कोरड्या कालव्यातून आणलं होतं. मी माणसं मागे वळवेपर्यंत टाकी फुटली होती.

पंचानं माझ्याकडे बघितलं. हात वर करते की काय, असं त्याला वाटलं असावं. मी केला नाही.

इंद्या खुर्चीतून उठला नव्हता. मी वळसा घालून गेले तर त्याचे डोळे भरलेले आणि शर्ट पाठीला चिकटलेला. मी डावा हात पुढे केला. त्यानं उजवा केला, मग गडबडला आणि डावा दिला.

"कालव्यातनं येणार, हे तू मघाशीच ठरवलं होतंस न्हवं?" मी म्हटलं. "शेंगदाणे बघत होतास तेव्हाच."

"व्हय," तो म्हणाला.

"हरामखोर हाईस."

तो हसला नाही, पण त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तन्मय कुठूनसा बघत उभा होता. "पहिली लाट सुंदर अडवली तुम्ही," तो म्हणाला आणि निघून गेला. अनोळखी माणसाकडून जे ऐकायला मी आले होते, ते साधारण हेच होतं.

मुश्ताकची पुढची फेरी सुरू व्हायला वेळ होता. खेळ झाला की फोन करते, असं मी आईला सांगून आले होते. कॉलेजच्या फाटकाशी एसटीडी बूथ होता. मी आत शिरले, इंद्या बाहेर काचेला पाठ लावून उभा राहिला.

"जेवलीस का?" आईनं आधी विचारलं. मग, "काय झालं गं? जिंकलीस?"

"हरलो."

"बरं, असू दे. दमली असशील. कुणाशी हरलीस, पुण्याच्या पोरांशी?"

"एकदा पुण्याच्या पोराशी. मग इंद्याशी."

"आपल्या इंद्याशी?" आईचा आवाज एकदम बदलला. "त्यानं हरवलं तुला? सोबतीला म्हणून धाडलं त्याला मी! तुझ्याशी खेळताना जरा दमानं घ्यायचं का न्हाई त्यानं? लाज न्हाई वाटली त्याला?"

मी काचेतून बाहेर बघितलं. इंद्या उन्हात मान खाली घालून उभा होता आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

"न्हाई वाटली," मी म्हणाले. "जरासुद्धा न्हाई वाटली, आई."